दुरुस्ती एकदाच

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात कवितेच्या ओळीचा आमच्या डेपोवाल्या भाऊंइतका छळ करणारा माणूस दुसरा सापडणार नाही. ओळीचा, आणि ओघाने माझा. कारण ते ओळ लिहितात आपल्या घरी, पण खोडतात माझ्या दुकानात. मूल गावातल्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि पत्रिका छपाईचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की मी आधी दिवसभराच्या कामांची यादी करते, ती काउंटरच्या काचेखाली सरकवते आणि एक काम झालं की त्यावर रेघ मारते. प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, लग्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, सगळ्यांवर संध्याकाळपर्यंत रेघ पडते. शेवटचं एक काम मात्र गेली कित्येक वर्षं रोज दुसऱ्या दिवशीच्या यादीत जाऊन बसतं. त्या कामाचं नाव ‘भाऊ’.

भाऊ सरकारी लाकूड डेपोतून निवृत्त झाले. जंगलातून आलेलं सागवान मोजायचं, लांबी आणि गोलाई लिहून घ्यायची आणि कापलेल्या तोंडावर सरकारी शिक्क्याचा हातोडा मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एकदा हातोडा बसला की लाकूड लिलावाला मोकळं. असा नेमका, ठाम आणि एका फटक्यात निकाल लावणारा माणूस निवृत्तीनंतर भाजीपाला लावेल, देवळात जाईल, फार तर नातेवाइकांची लग्नं जमवेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी कविता धरली. शर्टाच्या खिशात तेव्हापासून दोन पेन असतात, लिहायला निळा आणि खोडायला लाल. लाल आधी संपतो. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात आणि स्क्रीनवरच्या ओळीवर अंगठा आणि करंगळी ताणून तिची वीत मोजतात. एक ओळ दीड वीत आणि खालची दोन वीत भरली तर चेहरा असा होतो, की जणू कोणी पोकळ लाकूड भरीव म्हणून आणून टाकलं आहे.

येण्याची वेळही अशी, की शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आहेत, दाखल्यांसाठी रांग रस्त्यापर्यंत गेली आहे, प्रिंटरने कागद गिळला आहे, आणि रांगेच्या कडेने एक हात वर होतो. “बाई, फक्त एक शब्द.” त्या एका शब्दाने माझ्या किती दुपारी खाल्ल्या याचा हिशेब मी ठेवला नाही, कारण तो ठेवायलाही वेळ मिळाला नाही. एक शब्द बदलला की शेजारचा उघडा पडतो, तो बदलला की यमक जातं, यमक आणलं की अर्थ जातो, आणि तासाभराने भाऊ पहिल्याच शब्दावर परत येऊन म्हणतात, “हेच बरं होतं न.” शेवटी वैतागून मी जाड पुठ्ठ्यावर पाटी लिहून लावली, ‘टाईप केलेल्या मजकुरात दुरुस्ती फक्त एकदाच करून देण्यात येईल.’ पाटी गावासाठी होती असं मी सांगत असे, पण गावाला ठाऊक होतं ती कोणासाठी आहे. भाऊंनी ती उभं राहून वाचली, एक पाऊल मागे जाऊन पुन्हा वाचली आणि म्हणाले, “बाई, लांब झाली हे. ‘करून देण्यात येईल’ कायले पाह्यजे? ‘दुरुस्ती एकदाच.’ बस. वजन येते.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पाटी बदलली. वजन आलं होतं, हाच संताप.

त्यांनी कवितेत स्वतःचा आवाज शोधायला ज्या ज्या वाटा धरल्या, त्या सगळ्या माझ्या कीबोर्डवरून गेल्या. आधी समुद्राचा काळ आला. लाटा, शिडं, गलबतं आणि किनाऱ्यावर वाट पाहणारी कोणी प्रिया. मी विचारलं, “भाऊ, समुद्र कुठी पाहिला तुम्ही?” ते म्हणाले, “नाई पाहिला. पन कवितेत राह्यतेच न समुद्र.” मग क्रांतीचा काळ आला. लाल पहाट उगवली आणि तिसऱ्या ओळीत बंदूक आली. आमच्या बाजूला, नक्षल्यांच्या मुलखाच्या वेशीवर, हे दोन शब्द एका कागदावर टाईप करताना माणूस आधी मान वळवून मागे पाहतो. मी साफ नाही म्हटलं. भाऊंनी जागच्या जागी बंदुकीची कुदळ केली, पहाट पिवळी केली, आणि क्रांतीची कविता धानाच्या बांधावर येऊन बसली. पुढे गझल आली आणि तिच्यासोबत ‘व्याकूळ’ हे टोपणनाव आलं. “पेन्शन वेळेवर येते, बीपी नाई, शुगर नाई. व्याकूळ कायले, भाऊ?” त्यावर छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “आतून, बाई.” मुक्तछंदाचा काळ सगळ्यांत लवकर संपला. एका ओळीत एक शब्द, मधे कोरी जागा, पुन्हा एक शब्द, अशी त्यांची ‘पानगळ’ ही कविता चार पानं झाली. मी पानाप्रमाणे पैसे घेते. मुक्तछंद महाग पडतो हे त्यांना कोणत्याही समीक्षकाने नाही, माझ्या दरपत्रकाने शिकवलं.

बरं, हे सगळं मुकाट्याने झालं असतं तरी चाललं असतं. पण डेपोत लाकूड जसं चारी बाजूंनी फिरवून बघायचे, तशी ते कविता रांगेतल्या लोकांसमोर फिरवतात. सातबाऱ्यासाठी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी ‘क्षितिजाच्या कुशीत’ ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, “भाऊ, क्षितिज म्हंजे काय?” “जिथी आभाळ टेकते, थे.” “मंग तसंच म्हना न.” भाऊ दुखावले. “तसं म्हटलं तर कविता कायची? थे तर तू बी म्हनशीन.” तो म्हणाला, “मी म्हनून राह्यलो न,” आणि रांगेत पुढे सरकला. भाऊंनी क्षितिज खोडलं आणि तिथे ‘दिगंत’ लिहिलं.

एकदा दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, कविसंमेलन ठेवलं होतं. मागे दंडार या लोकनाट्याची मंडळी तोंडाला रंग लावून आपली पाळी कधी येते म्हणून ढोलकीवर बोटं वाजवत बसलेली. भाऊंनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली आणि थांबले. “थांबा. हे जमून नाई राह्यलं.” स्वतःचा लाल संपला होता, म्हणून त्यांनी अध्यक्षांच्या खिशातला पेन काढला, माइकच्या दांड्याला कागद टेकवला आणि खोडू लागले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही भजी घेऊन परत आले, तरी भाऊ खोडतच होते. शेवटी दंडारीतला स्त्रीवेशातला गडी कमरेवर हात ठेवून म्हणाला, “बुढा, तुहं लेकरू पैदा होईस्तोवर आमी नाचून घेऊ का?” भाऊ म्हणाले, “नाचा, नाचा,” आणि एका बाजूला सरकून तिथेच उभ्याने दुसरं कडवं कापलं.

मोबाइल आला तेव्हा मला वाटलं, सुटले. उलट, त्यांच्या मुलीने त्यांना फोनवर आवाजी निरोप पाठवायला शिकवलं. आता पहाटे मी दूध तापवत असताना फोन वाजतो, “बाई, तिसऱ्या ओळीत ‘हळुवार’ काढा, ‘हळूच’ करा.” दूध उतू जाईपर्यंत दुसरा येतो, “राहू द्या. हळुवारच बरं.” आणि मी पोळी लाटत असताना तिसरा. त्यात शब्द नसतात, नुसता एक लांब उसासा असतो.

ही मुलगी त्यांची एकुलती एक. गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे, चटपटीत आहे, कामं वेळेत उरकते. बापाचं तिच्यात काय उतरलं हे मला कळत नाही. माझं काहीतरी उतरलं असावं असंच वाटतं. तिचं लग्न वरोऱ्याच्या मुलाशी ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर घेऊन ती स्वतः दुकानात आली. एकही चूक नव्हती. जाताना पाटीकडे बघून हसली आणि म्हणाली, “मावशी, एक काम तुमच्या यादीत लिहा. बाबानं माह्यासाठी मंगलाष्टक लिहाव, असं मी त्याहिले सांगितलं हाय. पन मले थे ‘कुलदीपिका’ आन ‘स्वर्गसोपान’वालं नोको. बाबाचं पाह्यजे. आयकलं का वाटलं पाह्यजे, माहा बाप बोलून राह्यला.” मग दारातून मागे वळून म्हणाली, “आन अंतरपाट पडायच्या आंधी संपलं पाह्यजे. थेवढं तुमच्याच्यानं होईन.”

मी यादीत लिहिलं. मांडव, केटरर, बँड हे तिच्या मामांच्या अंगावर होतं. माझ्या अंगावर फक्त एक कविता होती, आणि मला तेव्हाच मांडव घेतला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. मंगलाष्टक गुलाबी कागदावर छापून पाहुण्यांना वाटायचं, म्हणजे ते आधी लिहून व्हायला हवं. भाऊंनी पहिला खर्डा आणला. त्यात संसाराचा सागर होता. “भाऊ, समुद्र पुन्हा आला.” त्यांनी समुद्र काढला, तिथे आकाशगंगा आली. आकाशगंगा काढली तेव्हा कुलदीपिका आली. “पोरगी काय म्हनाली, आठवते न?” “आठवते न बाई. पन मंगलाष्टक हाय. त्याले एक उंची लागते.” त्यांच्या घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, निरोप आला, की यांना तुमच्या दुकानातच ठेवून घ्या, घरात हळद दळायची आहे आणि हे जात्यासमोर बसून वृत्त मोजतात. मी दिलेली एक तारीख गेली, दुसरी गेली. तिसऱ्या तारखेला मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला, जे होतं ते टाईप केलं आणि गुलाबी कागदावर छापून गठ्ठा बांधला. त्या कामावर मी रेघ मारली तेव्हा मला सगळ्या आयुष्याला शिस्त लागल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर भाऊ गठ्ठा सोडून बसलेले. एकेका छापील कागदावर लाल पेनाने तिसरी ओळ खोडून वर नवी लिहीत होते. निम्मा गठ्ठा झाला होता, आणि पहिल्या काही कागदांवर वर लिहिलेली नवी ओळही पुन्हा खोडलेली होती. लग्न परवावर आलं होतं. माझा तोल गेला. मी म्हटलं, “भाऊ, पाटी तुमीच छोटी केली न? मंग वाचा. जिंदगीभर डेपोत हातोडा मारला तुमी. या कवितेवर एक मारता नाई येत?”

ते रागावले नाहीत. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. म्हणाले, “मारत होतो न बाई. मारला का झालं. ट्रक लागे, लाकूड जाये. मंग थे कोन्या गावाले गेलं, पाट झाला का पलंग झाला का चुलीत गेलं, आपल्याले कोन सांगते? आवारातून एक डाव गेलेलं लाकूड वापस आलेलं मी नाई पाहिलं.” मग गुलाबी कागदांकडे बघत राहिले. “हे तरी खोडता येते, मनून खोडून राह्यलो.”

मी काम काढलं. खोडलेले कागद एकीकडे केले, कोरे एकीकडे केले आणि चहा सांगितला. कागद पुन्हा छापून देते असं मीच म्हणाले. ते म्हणाले, “काय छापान? झालंच नाई अजून.” संध्याकाळ झाली तरी झालं नव्हतं. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या हाती जे गुलाबी कागद पडले ते तसेच होते, काही छापील, काही लाल, आणि काहींवर तिसरी ओळच नव्हती.

लग्न गोरजावर होतं. वरोऱ्याची मंडळी वेळेवर आली, हे मी मुद्दाम नोंदवते. नवऱ्या मुलाच्या काकांनी माइकवर सिनेमाच्या चालीवर मंगलाष्टक म्हटलं. त्यात राजहंस होता, चांदणं होतं आणि समुद्रही होता. भाऊंनी माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. मग माइक त्यांच्याकडे आला. अंतरपाट धरलेला, अलीकडे पोरगी, पलीकडे जावई, लोकांच्या मुठीत पिवळा तांदूळ, आणि भटजी हातातल्या घड्याळावर बोट ठेवून उभे. भाऊंनी कागद उघडला. पहिली ओळ म्हटली, अर्ध्यात थांबले आणि त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला. तो हात मी ओळखते. त्या हाताने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं आहे. मांडवात कुजबुज सुरू झाली, मागच्या पोरांनी अक्षता आधीच उधळून टाकल्या, भटजी खाकरले. मी स्वतः पुढे होऊन त्यांचा पेन काढून घ्यावा असा विचार करत होते, तेवढ्यात अंतरपाटाजवळून, मुंडावळ्यांच्या आडून, नेहमीच्या कामकाजी आवाजात पोरगी म्हणाली, “बाबा, कागद खिशात ठेवा. आन मले सांगा, काय सांगाचं हाय थे.”

त्यांनी कागद खिशात ठेवला. पेन ठेवला. माइक दोन्ही हातांनी धरला, आणि चाल नाही, सूर नाही, डेपोत ट्रकवाल्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले,

“लई लाकूड गेलं माह्या हातून, छाप मारून, गावोगाव,
कोन्या घराचं दार झालं, इचारलं नाई मी नाव.
तुह्या घराची वाट तेवढी मले हाय ठाव,
दार होजो माय त्या घराचं, पन कडी नोको लाव.”

शेवटी ‘शुभमंगल सावधान’ म्हणायचं ते विसरले. कोणीच म्हटलं नाही. मग भटजींनीच ते म्हटलं, अंतरपाट दूर झाला, बँड वाजू लागला, आणि ज्यांच्या मुठीत तांदूळ उरला होता त्यांनी तो टाकला. वरोऱ्याचे काका माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, “याचा छापील कागद भेटन का?” मी म्हटलं, “नाही. हे छापलेलं नाही.” आणि छपाईचं दुकान चालवणाऱ्या बाईला हे सांगताना आनंद व्हावा, हे काही बरं लक्षण नव्हे.

माझा अनुभव मला सांगत होता, की भाऊ दुसऱ्या दिवशी येणार. ‘तेवढी’ काढायचं का म्हणणार, ‘माय’च्या जागी ‘बाय’ करू का विचारणार. मी सकाळच्या यादीत शेवटी ‘भाऊ’ लिहिलं आणि त्या चार ओळी आठवून टाईप करून ठेवल्या. ते आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाहीत. पहाटे फोन वाजला नाही, दूध वेळेवर उतरलं. रांग आली तशी सरकली, प्रिंटरनेसुद्धा कागद गिळला नाही. माझी सगळी कामं दिवेलागणीच्या आत आटोपू लागली. शटर ओढायला अजून अवकाश असे, आणि त्या मोकळ्या वेळात काय करायचं हे यादीत लिहिलेलं नसे.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ते आले. रांगेच्या कडेने हात वर झाला नाही. रांगेत उभे राहून, आपली पाळी आल्यावर आले. खिशात एकच पेन होता. म्हणाले, “वरोऱ्याले जाऊन आलो, बाई. पोरगी बरी हाय. गडचिरोलीहून बदलीचा अर्ज कराचा हाय तिले. थो टाईप करून द्या.” मी अर्ज टाईप केला, त्यांना वाचून दाखवला. त्यांनी त्यात एक शब्दही बदलला नाही. मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “घर चांगलं हाय. पन दार सागवानी नाई. लोखंडी हाय, ग्रिलचं, हिरवा रंग मारलेलं.”

माझं बोट आपोआप माऊसवर गेलं. त्या चार ओळी मी स्क्रीनवर उघडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मीच म्हटलं, “मंग बदलाव लागन का, भाऊ? दार?”

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. अंगठा आणि करंगळी ताणून हात पुढे नेला, ओळ न मोजताच मागे घेतला. बाहेर तहसीलच्या आवारात जेवणाची सुट्टी संपल्याची गडबड सुरू झाली होती.

“नाई,” ते म्हणाले. “राहू द्या तसंच. मी गेलो तवा कडी नव्हती लावली.”